साचेखात्याचं दार

21 नोव्हेंबर 2025 रोजी चार कामगार संहिता लागू झाल्या आणि बायकांना त्यांच्या संमतीने रातपाळीत काम देण्याची मुभा देशभर मिळाली. तेव्हापासून एक युक्तिवाद सतत कानावर येतो: कुशल कामात बायका नव्हत्या त्या कायद्याच्या अडसरामुळे, आता अडसर गेला, प्रश्न मिटला. युनियनमधले जुने कार्यकर्ते यावर म्हणतात की, आम्ही झगडून मिळवलेलं बायकांचं संरक्षण सरकारने काढून घेतलं. मला दोन्ही म्हणणी अमान्य आहेत. त्यातही दुसरं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण अधिक आहे, कारण ती माझीच माणसं आहेत.

कायद्याने अडवलं, हे खरंच आहे. 1948च्या फॅक्टरी कायद्याचं कलम 66 बायकांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा कारखान्याबाहेर ठेवत होतं. सूट द्यायची तरी रात्री दहा ते पहाटे पाच ही वेळ वगळूनच. कलम 22बद्दल मात्र कुणी बोलत नाही. चालत्या यंत्राच्या फिरत्या भागाने इजा होण्याचा धोका असेल, तर ते यंत्र पुसायला, त्याला तेल घालायला, ते जुळवायला बाईला मनाई होती. यंत्राचा कारागीर घडतो तो नेमक्या याच कामांतून. त्यांना हात लावायचा नाही असं ठरल्यावर बाई जॉबर, म्हणजे खात्याची मुकादम, किंवा फिटर होणार कशी?

पण मुंबईच्या गिरण्यांकडे पाहिलं की हे स्पष्टीकरण अपुरं पडतं. हा कायदा येण्याआधी, 1920च्या दशकात, तिथे साधारण पाच कामगारांत एक बाई होती. ती रीळखात्यात नि वाइंडिंगमध्ये, नगावर मजुरी घेऊन, नायकिणीच्या, म्हणजे बाई-मुकादमाच्या, हाताखाली. साचेखात्यात, म्हणजे मागावर, पगार सर्वांत चांगला. तिथे भरदिवसाही बाई जवळजवळ नव्हती. दिवसपाळीत तिने माग चालवू नये असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नव्हतं.

साचेखात्याचं दार आणखी एका समाजाला बंद होतं, आणि इथे मला डॉ. आंबेडकरांपाशी थांबावंच लागतं. धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आपल्या तोंडाला लागेल म्हणून सवर्ण विणकर त्याला मागाजवळ येऊ देत नसत. 1928च्या सहा महिन्यांच्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावलं की, सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्यांचा हक्क मागण्यांत घाला, नाहीतर आमच्या लोकांना मी संपापासून दूर राहायला सांगेन. पुढाऱ्यांनी नाखुशीने ती मागणी घातली. त्यावर मालकांनी सांगितलं की, हा अन्याय असेल तर तो आमचा नाही. बाबासाहेबांना मालकांचं ते उत्तर रास्त वाटलं. कामगार चळवळीच्या कुठल्याही इतिहासापेक्षा मला हा प्रसंग जास्त शिकवतो. कारण कामाची वाटणी कामगारांनीच राखली होती, आणि ती मोडायला कामगारांच्या संघटनेवरच दबाव आणावा लागला. पुढे 1936मध्ये जातीबद्दल लिहिताना बाबासाहेबांनी श्रमाची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांत जो फरक केला, त्याचा अनुभव त्यांना परळ-लालबागच्या गिरण्यांत आधीच आलेला होता.

पण तीच मागणी बायकांसाठी कुणी मांडली? बाबासाहेबांनी 1928मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला, आणि पुढच्या वर्षी तो कायदा झाला. ते मजूरमंत्री असताना, युद्धाच्या गरजेपोटी 1943मध्ये कोळसाखाणीत बायकांना भूगर्भात उतरू दिलं गेलं, तेव्हा समान कामाला समान वेतनाचं तत्त्व त्यांनी ठासून सांगितलं. तरीही खाणीतली बाई कोळसा भरणारीच राहिली, आणि 1946मध्ये बंदी परत आली. रोजगाराचा हक्क मिळाला, पण कसबाची बढती मिळाली नाही. हे अपुरेपण मला त्यांच्याबद्दलच्या आदरापोटी दडवून ठेवता येत नाही.

गिरण्यांत पुढे काय झालं? वाइंडिंगची वेगवान यंत्रं आली आणि आधी हाताने होणारं काम कुशल ठरलं, तेव्हा त्या यंत्रांवर पुरुष बसले. तिसरी पाळी रुळली आणि रात्री न चालणारा कामगार मालकाला अडचणीचा वाटू लागला. 1982चा संप सुरू झाला तेव्हा शंभरात पाचही बायका उरल्या नव्हत्या. प्रत्येक नवं यंत्र आलं की युनियन मजुरीच्या दरावर आणि माणसं किती कमी होणार यावर भांडली, आणि ते योग्यच होतं. यंत्रावर कोण बसणार, हा प्रश्न मात्र वाटाघाटीत आलाच नाही.

अडसर गेला, प्रश्न मिटला म्हणणारे रेल्वेचालक सुरेखा यादव यांचं उदाहरण देतात. जरूर द्यावं. साताऱ्याच्या, इलेक्ट्रिकल डिप्लोमा केलेल्या सुरेखाताई 1980च्या दशकाअखेर सहायक चालक म्हणून रेल्वेत लागल्या आणि मालगाडीपासून थेट वंदे भारतपर्यंत पोहोचल्या. पण त्या आल्या त्या जाहीर परीक्षेतून, जॉबरच्या मर्जीतून नव्हे. नोकरी कायम, वेतनश्रेणी पुरुषाइतकीच, बढतीचे टप्पे लेखी. त्या टप्प्यांचं रक्षण रेल्वे कामगारांच्या संघटनांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं. म्हणजे हे उदाहरण मोकळ्या बाजाराची साक्ष देत नाही. संघटित नोकरी बाईला काय देऊ शकते, ते त्यातून दिसतं. त्याच रेल्वेत इंजिनात शौचालय असावं ही मागणी मात्र वर्षानुवर्षं करावी लागली, हेही हे उदाहरण देणाऱ्यांनी सांगावं.

रातपाळीसाठीच्या आजच्या संमतीचं काय? चाकण-रांजणगावच्या औद्योगिक पट्ट्यात असेंब्ली लाइनवर तरुण मुली दिसतात, त्यांतल्या बऱ्याच ट्रेनी किंवा कंत्राटी. मुदत संपली की नोकरी संपली. अशा मुलीने रातपाळीला 'नाही' म्हटलं तर तिला पुन्हा बोलावलं जाण्याची हमी कोण देतो? बहुतेक ठिकाणी युनियनचं सभासदत्व कायम कामगारांपुरतंच असतं, म्हणून ती युनियनच्या दाराबाहेर उभी राहते, तिच्या आजीला साचेखात्याबाहेर राहावं लागलं तशीच.

म्हणून युनियनने पुढच्या वेतनकराराच्या मागणीपत्रात तीन गोष्टी लिहाव्यात. ट्रेनी आणि कंत्राटी मुलींना सभासदत्व. टूलरूम, मेंटेनन्स आणि सेटिंगच्या प्रशिक्षणात त्यांना ठरावीक जागा. आणि रातपाळी नाकारली म्हणून मुदत वाढवली नाही, तर ती सूडाची कारवाई मानून युनियनने वाद लढवणं. यातली दुसरी मागणी आपल्याच सभासदांना सगळ्यात जास्त डाचेल, ओव्हरटाइम आणि बढती वाटून घ्यावी लागेल म्हणून. तरी ती आधी मांडावी, आणि मालकासमोर बसण्यापूर्वी आपल्याच सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्यावी.