दान की देणे?

भुकेल्याला अन्न द्यावे, हे सर्वच धर्मांनी सांगितले आहे. परंतु ज्याच्या अंगात बळ आहे, ज्याची कष्ट करण्याची तयारी आहे आणि तरीही ज्याची चूल पेटत नाही, त्याला काय द्यावे? काम द्यावे, हे उत्तर राज्यकर्त्यांना पूर्वापार आवडत आले आहे. ते कितपत न्याय्य आहे, याचा येथे थोडा विचार करू.

लखनौस राहिलेल्या वाचकांनी तेथील बडा इमामबाडा पाहिलाच असेल. 1784 च्या दुष्काळात प्रजेला काम मिळावे म्हणून नवाब असफउद्दौला याने तो बांधावयास घेतला. आख्यायिका अशी की, सामान्य मजूर दिवसा बांधीत आणि हलाखीत आलेले खानदानी लोक रात्री, तोंडे ओळखू येणार नाहीत अशा बेताने, त्यातलाच काही भाग पाडीत. कथा खरी असो वा नसो, उपाशी माणसालाही अब्रूची चाड असते, हे मर्म तीत आहे. मात्र पाडण्यासाठी बांधणे हे काम नव्हे. ते दानावर घातलेले कामाचे पांघरूण होय. शिवाय नवाबाची दया कितीही थोर असली, तरी ती त्याची मर्जी होती.

इंग्रजी अमदानीत मर्जीची जागा हिशेबाने घेतली. 1877 साली सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुरीतला धान्याचा भाग दिवसाला एक पौंडावर आणला. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. पुढे 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर संहिता तयार झाल्या. तथापि कष्ट हीच गरजेची कसोटी, हे सूत्र कायम राहिले. कचेरीच्या दृष्टीने ते सोयीचे खरे, कारण गरज नसलेला माणूस उन्हात खडी फोडावयास येत नाही. परंतु मजुरी खडीच्या मापावर ठरली की, जो अधिक दिवस उपाशी तो कमी फोडणार आणि कमीच मिळविणार. गरज मोजण्याची ही कसोटी अत्यंत गरजवंतालाच नापास करते.

या विचाराला वेगळे वळण महाराष्ट्रात मिळाले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या प्रेरणेने 1965 साली सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे प्रयोग झाला. 1972 च्या भीषण दुष्काळात लक्षावधी माणसे सरकारी कामांवर आली. 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अंमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते द्यावे, न दिल्यास भत्ता द्यावा, हा त्याचा गाभा. खर्चासाठी 1975 पासून शहरांतील पगारदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसला होता. संसदेने 2005 साली देशभरातील ग्रामीण कुटुंबांना वर्षाला 100 दिवसांची हमी दिली. 2025 च्या डिसेंबरात त्या कायद्याची जागा घेणारा, 125 दिवसांचा, नवा कायदा तिने संमत केला. कायदे बदलतात, परंतु जे पूर्वी दान होते ते राज्याचे देणे झाले, हा पालट मोलाचा आहे.

यावर आक्षेप असा की, अशा मजुरीने दारिद्र्य हटत नाही. हे बहुतांशी खरे आहे. चार महिन्यांच्या मजुरीने शेळी व घरातली भांडी विकण्याची पाळी टळते, सावकाराकडे जाणे लांबते. याहून फारसे काही होत नाही. दारिद्र्य हटावयाचे तर मागे बांध, तळे, विहीर असे काही उरले पाहिजे. आणि येथेच दुसरा, अधिक अवघड प्रश्न उभा राहतो. तळ्याचे पाणी ज्याला जमीन आहे त्याच्याच शेतात जाते. तळे खणणारा भूमिहीन पुढच्या वर्षी पुन्हा कामच मागतो. त्याच्या श्रमाने दुसऱ्याची मालमत्ता वाढत असेल, तर त्याला केवळ मजुरी देऊन हिशेब पुरा झाला, असे आम्हांस वाटत नाही. त्या पाण्यात, त्या झाडांच्या फळांत त्याचाही वाटा ठरला पाहिजे.

आमचे बहुसंख्य वाचक परप्रांतांत सरकारी कामावर आहेत, म्हणून एक गोष्ट विशेष सांगाविशी वाटते. हक्क संसदेत जन्मतो, पण जगतो किंवा मरतो तो कचेरीतील टेबलावर. अर्जावर तारखेची पोच दिली नाही, तर ते पंधरा दिवस कोठून मोजावयाचे? अशा शंभर पोचा दिल्या गेल्या नाहीत, की अहवालात ‘मागणी नाही’ असे लिहिता येते आणि ते कागदोपत्री खरेही ठरते. मजुरी दोन महिने अडकली, तर राज्याने गरिबाकडून बिनव्याजी कर्ज घेतल्यासारखेच ते आहे, आणि त्याला नाही म्हणण्याची सोय त्या गरिबाला नसते. येथे कोणी लाच खाल्लेली नसते, कोणी खोटे बोललेले नसते. कागद एका टेबलावर पडून राहिलेला असतो, इतकेच. दानाला उशीर झाला तर दात्याची कीर्ती कमी होते. देण्याला उशीर झाला तर तो अन्याय होतो, आणि तो कोणाच्या हातून झाला, हे त्या कागदाच्या तारखांवरून कोणालाही वाचता येते.