मागच्या टोकाची खूण

मोडायच्या वस्तूला जपून हात लावावा का? प्रश्न वेडगळ वाटेल. गाडी जोडताना जपावं, हे कुणालाही पटतं. पण जी गाडी परवा काट्यावर चढून किलोच्या भावाने जाणार, तिचा नट हळू फिरवला काय आणि छन्नीने उडवला काय, कुणाचं काय बिघडतं? आप्पांची फियाट खोलली गेली, तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे.

आप्पा म्हणजे माझे चुलते. उमेदीची वर्षं त्यांनी मुंबईत टॅक्सी चालवली. नंतर पेण आणि रोह्याच्या मधल्या आमच्या गावी परतले, ते एक खाजगी गाडी घेऊनच. आम्ही तिला फियाट म्हणायचो. कागदावर ती प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून ही गाडी फियाट नावाने निघायची, पद्मिनी हे नाव 1974 चं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली, तेव्हा लोकांनी फोटो काढले. आमची तेव्हा गोठ्याच्या कडेला उभी होती आणि पत्र्यावर कोंबड्या बसत होत्या. पेणच्या खारेपाटाचा वारा लोखंडाला काय करतो ते इकडच्या माणसाला सांगायला नको.

रोह्याच्या एका निवृत्त गुरुजींकडे अशीच गाडी अजून चालू होती. त्यांना गिअरबॉक्स आणि प्रॉपेलर शाफ्ट हवा होता. बाकी सगळं भंगारवाल्याला. मिस्त्रीशी काम उक्तं ठरलं, एका दिवसाचं. भंगारवाला म्हणाला, गॅस कटर आणतो, तासाभरात मोकळं करतो. मिस्त्रीने मान हलवली. संध्याकाळी येऊन सगळ्या गंजलेल्या नटांना रॉकेल पाजून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने आधी चाकांना दगड लावले. शाफ्ट निघाला की इंजिन आणि मागच्या चाकांचा संबंध तुटतो, मग गाडी गिअरमध्ये ठेवली तरी ती थांबायची नाही, घरंगळेल. खाली झोपलेल्या माणसाला हे विसरून चालत नाही. मग घोड्या लावून गाडी उचलली, गिअरचं तेल काढलं. काळं, उग्र वासाचं. कॉइलस्प्रिंगसारखा गुंडाळलेला रोष आप्पांच्या चेहऱ्यावर दिसत होताच, कारण निम्मा दिवस संपला होता.

नट सोडण्याआधी मिस्त्रीने पंच घेतला आणि शाफ्टच्या पुढच्या टोकाला, जोडाच्या दोन्ही अंगांवर, एकेक ठिपका मारला. पुन्हा जोडताना ठिपक्यासमोर ठिपका आला पाहिजे. नाहीतर फिरणाऱ्या शाफ्टचा तोल जाऊ शकतो आणि वेग घेतला की गाडी थरथरते. पुढचा ठिपका मला कळला. गिअरबॉक्स आणि शाफ्ट दोन्ही रोह्याला एकत्र जाणार होते. पण नंतर तो सरपटत मागे गेला आणि मागच्या टोकालाही तशीच खूण केली. त्या खुणेचा जोडीदार मागच्या हाउसिंगवर होता, आणि हाउसिंग तर भंगारात जाणार होतं. ती जोडी या जन्मात पुन्हा भेटणार नव्हती.

गिअरबॉक्स काढतानाही तेच. इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा देऊन तो मला म्हणाला, “सरळ मागं ओढा, लटकू देऊ नका. वजन लटकलं की क्लचप्लेट वाकते.” ती प्लेट झिजून पापड झाली होती. तीही भंगारातच जाणार होती. निघालेला प्रत्येक बोल्ट तो ज्याच्या त्याच्या भोकात दोन आटे बसवून ठेवत होता. हे सगळं करता करता दुसरा दिवसही गेला.

“मागची खूण कशाला?” मी विचारलं.

“हाताला खोड लागते ना,” तो म्हणाला. “आज भंगार म्हणून सोडलं, तर उद्या चांगल्या गाडीखाली पण हात तेच करतो. हाताला काय कळतं भंगार कुठलं नि चालू कुठलं?”

विनोबा आमच्याच पेण तालुक्यातले, 1895 साली गागोद्याला जन्मलेले. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. त्यांत विनोबा कर्माला विकर्माची जोड मागतात. बाहेर हात चालतात तेव्हा आत मनही त्याच कामात असावं, मग कामाचं ओझं उरत नाही. मिस्त्रीकडे पाहताना मला ते पटलं. पाठीखाली ओली माती, तोंडावर गंजाचा भुगा, आणि माणूस मजेत!

पण संध्याकाळी हिशेबाची वेळ आली आणि आप्पा म्हणाले, “भंगाराला दोन दिवस लावायला मी सांगितलं होतं का?” उक्त्याच्या हिशेबाने त्यांचं बरोबर होतं. वर मिस्त्रीने रोह्याला फोन करून सांगून टाकलं होतं, की दुसऱ्या गिअरला आवाज येईल. गुरुजींनी किंमत पाडली, ते आप्पांना जास्त लागलं होतं. ओटीवर बसलेले एक पाहुणे मध्ये पडले. म्हणाले, खऱ्या कारागिराने फळाकडे बघू नये.

मला हेच खटकतं. फळाकडे बघू नये हे गीता काम करणाऱ्याला सांगते. पैसे देणाऱ्याने ते वाक्य तोंडात धरून दुसऱ्याचं फळ खिशात घालावं, असं ती कुठे सांगते? आपल्याकडे निष्कामपणाचा उपदेश बहुधा वरून खाली जातो. मालक गड्याला करतो, संस्थाचालक मास्तराला. दसऱ्याला पान्यांना आणि गाडीला झेंडूचा हार घालायचा, आणि ते पाने ज्याच्या हातात त्याची मजुरी घासाघीस करून पाडायची. उक्तं ठरलं होतं हे खरं. पण न वाकलेल्या शाफ्टचे पैसे गुरुजींनी आप्पांनाच दिले ना? कटर फिरला असता तर तो विकत तरी कुणी घेतला असता?

मी एवढं सगळं तिथे बोललो नाही, फक्त शाफ्टचं बोललो. आप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग आत जाऊन दुसऱ्या दिवसाची अर्धी मजुरी घेऊन आले. मिस्त्रीने मोजली नाही, खिशात घातली आणि गिअरबॉक्सचं तोंड चिंधीने बांधायला लागला, वाटेत धूळ जाऊ नये म्हणून.