परत म्हणून दाखवा

७ फेब्रुवारी २०१८ रोजी मुंबईच्या नियंत्रणाखालच्या आकाशात दोन प्रवासी विमाने एकमेकांच्या अंगावर जाता जाता राहिली. एक विस्ताराचे, दिल्लीहून पुण्याला निघालेले. दुसरे एअर इंडियाचे, मुंबईहून भोपाळला. दोघांच्या उंचीत सुमारे शंभर फुटांचाच फरक उरला होता. पुढचा वाद ठरलेला. विस्ताराचे म्हणणे, आम्ही नियंत्रकाच्या सूचनेनुसारच खाली आलो. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, २९ हजार फुटांवरच राहायला सांगितले होते. हे सगळे बोलणे ध्वनिमुद्रित होत असते, तरी त्याच्या दोन आवृत्त्या निघाल्याच.

त्या दिवशी माणसे वाचली ती 'टीकॅस' या यंत्रामुळे. हे यंत्र माणसांचे बोलणे ऐकतच नाही. समोरच्या विमानाकडून येणारे संकेत घेते आणि वैमानिकाला थेट सांगते, वर जा किंवा खाली जा. भारतात ते सक्तीचे झाले त्यामागे चरखी दादरीच्या आकाशात झालेली दोन विमानांची टक्कर आहे.

१२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीहून उडालेले सौदी जम्बो १४ हजार फुटांवर होते. समोरून येणाऱ्या कझाक मालवाहू विमानाला १५ हजारांवर राहायचे होते. कझाक विमानात इंग्रजीत बोलण्याचे काम रेडिओ ऑपरेटरकडे, आणि उंची दाखवणारा काटा वैमानिकांसमोर. म्हणजे नियंत्रकाचे ऐकणारा एक आणि विमान हाकणारे दुसरे. नियंत्रकाने समोरच्या विमानाचे अंतर सांगितले, तेही नेमके चौदा मैल. चौदा मैल आणि चौदा हजार फूट यांची कोणाच्या डोक्यात सरमिसळ झाली का, हे सांगायला कोणी उरले नाही. विमान १५ हजारांच्या खाली उतरले. दिल्लीच्या रडारवर तेव्हा विमानाची जागा दिसे, उंची दिसत नसे. नियंत्रकाला उंची कळायची ती वैमानिक सांगेल तेवढीच. ३४९ माणसे गेली.

न्यायमूर्ती लाहोटींच्या चौकशीत कझाक वैमानिकांवर ठपका आला, तो योग्यच. पण मला महत्त्वाचे वाटते ते पुढे झालेले काम. येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे केले, उंची दाखवणारे रडार आले, टीकॅस सक्तीचे झाले. 'यापुढे नीट ऐकत जा' एवढ्या परिपत्रकावर भागवले नाही. माणूस चुकीचे ऐकणारच, हे धरून आकाश नव्याने आखले.

खरे तर विमानांच्या जगात हा अविश्वास नियमातच मुरलेला आहे. नाशिकजवळच्या ओझर विमानतळाच्या मनोऱ्यातला नियंत्रक आणि येणारा वैमानिक दोघेही सिन्नरचे असले, तरी रेडिओवर 'कुठवर आलास रे' चालत नाही. आकडे एकेक अंक सुटा करून सांगायचे. थ्रीला 'ट्री' म्हणायचे, नाइनला 'नायनर'. सूचना मिळाली की वैमानिकाने ती परत म्हणून दाखवायची. आणि सगळ्यांत अवघड भाग त्याच्या पुढचा: ज्याने सांगितले त्याने ते परत ऐकायचे. आपण बरोबर सांगितले आहे या खात्रीत कान बंद होतो, आणि समोरचा चुकीचा आकडा म्हणाला तरी आपल्याला आपलाच ऐकू येतो.

जमिनीवर आपण या बाबतीत फारच निर्धास्त असतो. साहेबांनी सांगितले, हाताखालच्याने 'हो साहेब' म्हटले, की विषय संपला. 'काय सांगितले ते सांग बघू' हे आपण फक्त लहान मुलांना विचारतो. मोठ्या माणसाला विचारले तर त्याचा अपमान होतो. मोठ्या रुग्णालयांत डॉक्टरांनी फोनवर सांगितलेला डोस नर्सने लिहून परत वाचून दाखवायचा नियम आला आहे. तो पाळताना रात्री दोन वाजता झोपमोड झालेल्या डॉक्टरांचा आवाज कसा होत असेल, याची कल्पना करता येते.

अर्थात परत म्हणून दाखवल्याने शब्द जुळतात, मनातला नकाशा जुळतोच असे नाही. नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगावला उजवीकडे वळले की जुन्नर. ७ जुलै १९६२ च्या रात्री तिथल्या डोंगरावर मुंबईला उतरायला निघालेले अलितालियाचे विमान आदळले. ९४ जण मेले. आपण मुंबईच्या अगदी जवळ पोहोचलो, असा वैमानिकाचा समज झाला होता. चौकशीने दिशाशोधनातली चूक आणि वेळेआधी उतरणे हे कारण दिले. इथे गोंधळ जागेचा होता. 'खाली येतोय' हे वाक्य दोन्ही टोकांना स्वच्छ ऐकू आले, तरी बोलणारा मनाने किनाऱ्यावर आणि विमान सह्याद्रीवर, ही तफावत त्यात दिसत नाही.

आणि यंत्रावर सगळे सोडून निवांत बसता येते असेही नाही. १ जुलै २००२ रोजी जर्मनीत युबरलिंगेनच्या आकाशात टीकॅस रशियन विमानाला 'वर जा' म्हणत होते आणि नियंत्रक 'खाली जा'. वैमानिकांनी माणसाचे ऐकले. ७१ जीव गेले. त्या नियंत्रकाला खलनायक करणे सोपे होते. पण तो त्या रात्री एकटाच दोन पडद्यांसमोर काम करत होता; जोडीदार विश्रांतीला गेलेला. त्यानंतर पक्के झाले की दोन सूचना भिडल्या तर यंत्राची मानायची.

पुन्हा ओझरकडे येतो. तिथली धावपट्टी हिंदुस्तान एरोनॉटिक्सची, म्हणजे एचएएलची. मिग-२१ पासून सुखोई-३० पर्यंतची लढाऊ विमाने इथल्या कारखान्यात तयार झाली, आणि आता त्याच धावपट्टीवर प्रवासी विमाने उतरतात. जवळच नाशिकच्या गांधीनगरला लष्कराचे वैमानिक हेलिकॉप्टर उडवायला शिकतात. वेगवेगळ्या वेगाची आणि वेगवेगळ्या शिस्तीची ही गर्दी एकाच शहराच्या डोक्यावर असते, आणि २०२७ च्या सिंहस्थात ती वाढेल. विमानतळ किती मोठा होणार, याच्या बातम्या येत राहतील. मनोऱ्यात एका पाळीला किती माणसे बसणार आणि त्यांना झोप किती मिळणार, हे मी त्यात आधी शोधणार आहे.