आधीच गेलेला धूर

कोळशाच्या शेगडीला घाई चालत नाही. शनिवारी संध्याकाळी पवना धरणाच्या काठावर तंबू लागतात, समोर तुंग आणि तिकोना अंधारात बुडत जातात, आणि गाड्यांच्या डिकीतून पाय दुमडणाऱ्या छोट्या शेगड्या बाहेर येतात. मुलांना भूक लागलेली असते. जरा ज्वाळा दिसली की कुणीतरी जाळीवर कणीस ठेवतंच. ते वरून करपतं, आत कच्चं राहतं.

थांबावं लागतं. वीसेक मिनिटं, कधी अर्धा तास. पुठ्ठ्याने वारा घालत बसायचं. ज्वाळा खाली बसते, कोळसे कडेकडेने लाल होतात, मग त्यांच्यावर पांढुरकी राख धरते. बघणाऱ्याला वाटावं, विझत आली शेगडी. खरी आच तेव्हा असते. हात जाळीवर फार वेळ धरवत नाही. आता वांगं ठेवावं. साल आधी चकाकते, मग सुरकुतते. देठापाशी रसाचा बुडबुडा येतो, फुटतो, चर्रकन निखाऱ्यावर पडतो. मग वांगं हळूहळू स्वतःतच बसत जातं. चिमट्याने जरा दाबलं की झालं की नाही ते कळतं.

मला नवल वाटतं ते या आचेला धूर नसण्याचं. चुलीत लाकूड घातलं की डोळे चुरचुरतात. तापलेल्या लाकडातून वायू सुटतात. ते पेटले की ज्वाळा, धड न पेटले की धूर. कोळशात हे वायू फारसे उरलेलेच नसतात. ते आधीच निघून गेलेले असतात, दुसऱ्या कुठल्यातरी माळावर.

त्या माळावर लाकडं रचतात, वर गवत-पाला घालतात, त्यावर माती लिंपतात आणि भट्टी लावतात. हवा आत जाते ती बेताची. त्यामुळे लाकूड जळून जात नाही, दिवस-रात्र नुसतं धुमसत राहतं. लिंपण तडकलं आणि हवा शिरली तर हाती राख येते. म्हणून रात्रीही कुणीतरी जागं असतं. तडा दिसला की तापलेल्या ढिगावर ओली माती थापायची. नजर धुरावर ठेवायची. आधी तो दाट पांढरा असतो, त्यात लाकडातल्या पाण्याची वाफ असते. तो विरळ, निळसर झाला की भोकं बुजवून टाकायची. इतकं करून ४-५ किलो लाकडामागे कोळसा पडतो जेमतेम किलोभर.

रायगड-ठाण्याकडची कितीतरी कातकरी कुटुंबं पावसाळा सरला की उचल घेऊन अशा भट्ट्यांवर जातात. मुलंबाळं बरोबरच असतात. खैराचा काथ करणारी ही माणसं. जंगल हातचं गेलं, काथ गेला. आगीशी नातं तेवढं राहिलं.

आच आपल्या वाट्याला आली, धूर त्यांच्या. वांग्याची साल सोलताना हे मनात असतं. म्हणून काही भरीत कडू लागत नाही. बोलणं मात्र थोडं कमी होतं, घास सावकाश उतरतो.

आणि दिसत नाही म्हणून निखाऱ्यातून काहीच सुटत नाही, असंही नाही. कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला रंग नाही, वास नाही. पहाटे गारठा वाढला की शेगडी तंबूत ओढून घ्यावीशी वाटते. निखारे विझल्यासारखे दिसत असले तरी ती कधीही आत घेऊ नये. झोपेतच जीव जातो.

जेवणं आटोपली की अर्धे कोळसे शिल्लक असतात. बरेच जण ते तिथेच काठावर ओतून झोपायला जातात. मी चिमट्याने ते एकेक उचलून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकते आणि डबा गवतापासून लांब, दगडावर ठेवते. हवा बंद झाली की ते विझतात, भट्टीही अशीच विझवतात. पुढच्या खेपेला हे जुने कोळसे नव्यापेक्षा लवकर धरतात. मूठभरच असतात, पण त्यांच्यामागे कुणाच्यातरी जागरणाच्या रात्री आहेत, ते टाकवत नाहीत.