शस्त्राची पारख आणि हाताची

वापरून जुने झालेले पिस्तूल रोज सदऱ्याआड बाळगावे काय, असा प्रश्न एखाद्या परवानाधारकाला पडतो. ऐन वेळी ते दगा तर देणार नाही? शंका रास्त आहे. वरचा मुलामा उडाल्याने शस्त्र निकामी होत नाही. आतील स्प्रिंग मात्र थकते, आणि ते गोळ्या झाडून पाहिल्यावाचून खात्रीने कळत नाही. आपल्याकडे काडतुसे मोजून मिळतात. म्हणून ही पारख बहुधा राहूनच जाते.

तथापि पारख एवढ्यावर संपत नाही. २० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीहत्येच्या कटवाल्यांनी दोन रिव्हॉल्व्हर चालवून पाहिली. दोन्ही कुचकामी ठरली. पुढे नथुराम गोडसेने ग्वाल्हेरहून एक वापरलेले इटालियन बेरेटा पिस्तूल मिळवले. ३० जानेवारीस त्याने दगा दिला नाही. शस्त्र खात्रीचे निघाले, आणि त्यातूनच अनर्थ ओढवला.

संत थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षणार्थ बळाचा वापर मान्य केला, परंतु तो गरजेपुरताच. ही मर्यादा पिस्तुलाला ठाऊक नसते. ती बाळगणाऱ्याने पाळायची असते. निवडणुकीच्या काळात सोलापुरातही अनेकांची परवान्याची शस्त्रे पोलिसांकडे जमा होतात. त्या दिवसांत आपला आवाज खाली येतो काय, वादातून आपण लवकर माघार घेतो काय, हे ज्याने त्याने पाहावे. तसे होत असेल, तर पिस्तूल कितीही भरवशाचे असो, ते रोज कमरेला लावण्याइतका भरवसा आपण अद्याप स्वतःवर ठेवू नये.