खुल्या जगात चकवा लागावा

रात्री रानातून परतताना माणसाला चकवा लागतो, असं सातारा-सांगलीकडच्या गावांत अजूनही सांगतात. वाट रोजची, पायाखालची. तरी माणूस त्याच बांधाला वळसा घालून पुन्हा त्याच बाभळीपाशी येतो, आणि तांबडं फुटल्यावर बघतो तर गाव हाकेच्या अंतरावर. या भुताची आठवण मला सर्वांत जास्त येते ती व्हिडिओ गेम खेळताना. ज्यांना ओपन वर्ल्ड म्हणतात त्या गेममध्ये खेळणाऱ्यापुढे एक सबंध मुलूख मोकळा टाकलेला असतो. डोंगर, नद्या, पडके वाडे, राक्षस, जादूटोणा. हवं तिकडे जावं. पण यांतल्या बऱ्याच मुलखांत चकवा लागायची सोयच नसते. पडद्याच्या कोपऱ्यात छोटा नकाशा, त्यावर ठिपक्यांची रेघ, रेघेच्या टोकाला चमकणारी खूण. पाय डोंगरात आणि डोळे रेघेवर. असा गेम महिनाभर खेळून संपवला, आणि वाटेतल्या नदीला उतार कुठं होता असं कुणी विचारलं, तर सांगता येत नाही. म्हणून परीक्षण लिहायला बसताना मी पहिल्यांदा हेच तपासतो, की इथं माणूस हरवू शकतो का. ग्राफिक्स, लढाई, कथानक यांचा नंबर त्यानंतर.

या कसोटीला पुरेपूर उतरलेला गेम म्हणजे निन्टेन्डोचा २०१७ सालचा ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’. झेल्डा मालिकेचे जनक शिगेरु मियामोतो क्योटो प्रांतातल्या सोनोबे गावात वाढले. लहानपणी रानात भटकताना त्यांना एक गुहा सापडली आणि पुढं ते कंदील घेऊन तिच्यात शिरले, ही आठवण त्यांनी स्वतःच सांगितली आहे. १९८६ चा पहिला ‘झेल्डा’ अशा भटकंतीतून आला. २०१७ च्या गेममध्ये नायक लिंक गुहेतून बाहेर येतो, उंच पठाराच्या कडेला उभा राहतो आणि समोर हायरूलचं सबंध राज्य पसरलेलं दिसतं. तिथून पुढं कुठं जायचं ते फारसं कुणी सांगत नाही. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या तटावर उभं राहिलं की असंच होतं. पायाशी शहर, पश्चिमेला यवतेश्वरचं पठार, नैर्ऋत्येला सज्जनगड, पूर्वेला जरंडेश्वर, उत्तरेकडे लांबवर चंदन-वंदन. दिसतंय तिथं जाता येतं, आणि जे दिसत नाही ते कुठल्या तरी डोंगराच्या आड आहे, एवढी दोन सत्यं पुरतात. पाय आपोआप उचलले जातात.

या गेमच्या कर्त्यांनी त्यामागची रीत नंतर उघड केली. भूभागात त्यांनी जागोजागी त्रिकोण पेरले. त्रिकोणी टेकाड नजर अडवतं, त्यामुळे खेळणाऱ्याला ठरवावं लागतं, वर चढायचं की वळसा घालायचा. आणि चढता-वळता मागचं एखादं देऊळ, एखादी छावणी हळूहळू उघडी पडते. अंतरांचा अंदाज यावा म्हणून त्यांनी आपल्या राहत्या क्योटोचा नकाशा हायरूलच्या नकाशावर ठेवून पाहिला. चालायला किती वेळ लागतो हे अंगात मुरलेल्या शहरावरून त्यांनी कल्पनेतलं राज्य मोजलं. इतर ओपन वर्ल्ड गेमसारखे या गेममध्येही उंच मनोरे आहेत, पण त्यावर चढल्यावर नकाशाचा फक्त उंच-सखल भाग उघडतो. खुणा आपण दुर्बिणीतून बघून आपल्या हातानं करायच्या. आणि पाऊस! पाऊस लागला की कडे निसरडे होतात, अर्ध्यावरून हात सुटतो. अनेक खेळणाऱ्यांनी या पावसाला शिव्या घातल्या. मला तो या गेममधला सर्वांत खरा भाग वाटतो. श्रावणात ठोसेघरच्या बाजूला फिरलेल्या कुणालाही हे पटेल की पावसाळ्यात डोंगर आपला बेत ठरवतो, आपण डोंगराचा नाही. हायरूलच्या मुलखात ९०० कोरोक बिया दडवलेल्या आहेत, आणि सगळ्या गोळा करणाऱ्याला बक्षीस मिळतं ते सोनेरी शेणाच्या गोळ्यासारखं काहीतरी. ज्यांनी ते जग रचलं त्यांनीच इतकं स्पष्ट सांगून ठेवलं आहे, की मोजदादीसाठी इथं येऊ नका.

परीक्षणं मात्र मोजदादीतच अडकतात. गेम बाजारात यायच्या थोडे दिवस आधी परीक्षकाच्या हाती पडतो, ठरलेल्या तारखेला लेख जायचा असतो, आणि मुख्य कथा संपवायलाच पन्नासेक तास लागणार असतात. मग रेघ धरून धावण्यावाचून इलाज नाही. शेवटी दहापैकी आकडा. हा आकडा केवळ वाचकापुरता राहत नाही. २०१० च्या ‘फॉलआउट : न्यू व्हेगस’च्या वेळी परीक्षणांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिकवरची सरासरी ८५ झाली तर ऑब्सिडियन या निर्मात्या कंपनीला बोनस मिळणार होता, सरासरी ८४ वर थांबली आणि बोनस गेला. घाईनं दिलेल्या गुणांवर कुणाचे पैसे अवलंबून असतील, तर परीक्षकाने जास्तच सावकाश चाललं पाहिजे. माझी रीत अशी आहे की जिथं सोय असेल तिथं सगळ्या खुणा बंद करायच्या. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये तशी सोय आहे. २०१८ च्या ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’मध्ये तर असा पर्याय आहे की ठिकाणाची खूण न दाखवता नुसतं तोंडी सांगितलं जातं, अमुक खाडीच्या दक्षिणेला, तमुक अवशेषांच्या पश्चिमेला. गावाकडं वाट अशीच सांगतात. गेम तोच, पण तो पर्याय घेतल्याबरोबर डोंगरांना नावं मिळतात आणि डोळे नकाशावरून उठून क्षितिजावर जातात. परीक्षकाने यातला कुठला पर्याय घेतला होता हे त्याच्या लेखात लिहिलेलं असावं, असा माझा आग्रह आहे.

दुसरी गोष्ट मी बघतो ती म्हणजे आपण पोचायच्या आधी या जागेला काही कारण होतं का. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा २०१५ चा ‘द विचर ३’ इथं फार पुढचा आहे. सुरुवातीच्याच व्हाइट ऑर्चर्ड भागात एका उजाड वाडीजवळ विहीर आहे आणि भर दुपारी तिथं एक बाई दिसते. गावातल्या एकाला त्या विहिरीचं पाणी हवं आहे, कारण त्याची पोर आजारी आहे आणि नदीचं पाणी पिण्याजोगं राहिलेलं नाही. नायक गेराल्ट आधी रोजनिशी वाचतो, मग विहिरीत उतरून बांगडी शोधतो, आणि उलगडतं की त्या बाईचा खून झाला होता. तलवार उपसली जाते ती सगळ्यांत शेवटी. दुपारची ही भुताई स्लाव्ह शेतकऱ्यांच्या लोककथांतली आहे. आपल्याकडं विहिरीवर साती आसरा असतात, आणि टळटळीत दुपारी पोरांना तिकडं फिरकू देत नाहीत. तो प्रसंग खेळताना मला परदेशात असल्यासारखं एकदाही वाटलं नाही.

विहिरीचाच विषय निघाला तर साताऱ्याजवळ लिंब गावची बारा मोटांची विहीर बघावी. वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६ मध्ये, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात ती बांधली. तसा शिलालेख तिथं आहे. खोली ११० फूट, व्यास ५० फूट. मुख्य विहीर अष्टकोनी, तिला जोडलेली दुसरी चौकोनी, आणि दोन्हींच्या मधल्या पुलावर चक्क महाल. पायऱ्या उतरून दरवाजातून आत शिरलं की डोक्यावर महाल आणि समोर पाणी. भिंतीच्या जाडीतून अरुंद जिना वर जातो. वर पोचावं तर कोरीव खांब आणि खाली विहिरीचा गोल अंधार. भिंतीवर शरभ आहेत. कुठल्याही गेम-रचनाकाराला ही जागा दाखवली तर तो हिला तळघर म्हणून जशीच्या तशी उचलेल. पण इथल्या प्रत्येक दगडाला काम आहे. जिथं मोट चालायची तिथं घडीव दगड आहेत, आणि पाणी जायचं ते आमराईला. गेममधल्या पुष्कळ तळघरांत दिवे जळत असतात, पण तेल कोण घालतं ते कळत नाही. आमराईचा पत्ता लागतो तिथं माझं परीक्षण लांबतं.

भूगोलाचंही असंच. एका टोकाला बर्फ, दुसऱ्या टोकाला वाळवंट, मध्ये घोड्यावरून पाच मिनिटं, अशा नकाशांना लोक कृत्रिम म्हणून हसतात. सातारा जिल्ह्यातल्या माणसाने हसू नये. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या घरात. फरक एवढाच की इथं कारण डोळ्यांना दिसतं. ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि पूर्वेला म्हसवडपर्यंत पोचतो तो नुसता वारा. ज्या गेममध्ये वाळवंटाच्या आधी असा एखादा डोंगर चढावा लागतो, तिथं भूगोलही गोष्ट सांगतो. हायरूलमध्ये गेरुडोच्या वाळवंटाला बर्फाळ कड्यांची पाठ आहे, ते मला म्हणूनच आवडतं.

मग आपला मुलूख अशा गेममध्ये कधी येणार? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी : अॅन एन्शन्ट एपिक’ आणला. भावाला सोडवायला निघालेली मुलगी, गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू, आणि मधले प्रसंग छाया-बाहुल्यांतून. त्याचं जग खुलं नाही, वाट एकच आहे, आणि तरी भिंतीवरची चित्रं बघत थांबावंसं वाटतं. त्या बाहुल्या बघताना सांगलीच्या विष्णुदास भावे यांच्या लाकडी बाहुल्या आठवतात. कर्नाटकातून आलेल्या नाटकमंडळींचे खेळ सांगलीकरांनी पाहिले, आणि तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं. त्यातून १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं. राळेच्या भडक्यात ‘अलल डुर्र’ करत येणारा राक्षस हे त्या नाटकांचं मोठं आकर्षण. पुढच्या पिढीच्या जाणकारांनी त्या राक्षसांना नाकं मुरडली, पण ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन आपण त्याच खेळाच्या नावानं साजरा करतो. घाट दुसऱ्याचा घेऊन त्यात आपली भुतं, आपले देव ओतणं हे सांगलीने केलं आणि ‘विचर’वाल्या वॉर्साने केलं. कोयनेच्या जलाशयापलीकडचा वासोटा किल्ला, नावेतून उतरून जंगलातून चढायचा, वर पोचल्यावर अंगावर येणारा बाबूकडा: यावर गेम रचायला राक्षससुद्धा नवे शोधावे लागणार नाहीत. नाट्यपरीक्षणाची आपली परंपरा दांडगी आहे. तीच नजर गेमकडं वळली तर असा गेम करणाऱ्याला निदान हे तरी कळेल की बघणारं कुणी आहे.

त्यासोबत एक काळजीही आहे. ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ हा २०२० चा गेम जपानच्या खऱ्या बेटावर घडतो. त्यात दिशादर्शक बाण नाही, वारा सुटतो आणि गवत ज्या दिशेला लवतं तिकडं जायचं. वाट दाखवण्याची याहून देखणी युक्ती मी पाहिलेली नाही. त्याच वर्षी वादळात त्या बेटावरच्या वातात्सुमी देवस्थानची तोरी कमान पडली, तेव्हा ती पुन्हा उभारायला ५० लाख येन मागितले होते आणि अडीच कोटींहून जास्त जमले. देणाऱ्यांत हा गेम खेळलेले पुष्कळ होते. पण २०२५ मध्ये त्याच देवस्थानाला पर्यटकांच्या वागण्यामुळे दर्शनाखेरीज येणाऱ्यांना बंदी करावी लागली. आपल्याकडं साताऱ्याजवळचं कासचं पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तेव्हापासून ऑनलाइन नोंदणी, रोजच्या माणसांवर मर्यादा, कास-एकीव-आटाळी-कासाणीच्या गावकऱ्यांची राखण, हे सगळं आपण पाहतो आहोत. पडद्यावरच्या पठारावर घोडा फुलांतून दौडवला तर एक पाकळीही दबत नाही. कासवर गेम निघाला तर मी तपासणार ते हेच, की पायवाट सोडल्यावर त्या जगात काय होतं. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. त्या गेममध्येही ती तेवढ्याच सावकाश फुलावी आणि भलत्या वर्षी येणाऱ्याला नुसता हिरवा पाला दिसावा. एवढं सोसून लोक तो गेम खेळतील, याची मला खात्री आहे.