ज्याच्या घरी विचारायला कोणी नाही

दहावी-बारावीचा निकाल लागला की धर्मग्रामात सत्काराचे कार्यक्रम सुरू होतात. भरघोस गुण मिळवणाऱ्या मुलामुलींना गुलाबाचे फूल, स्मृतिचिन्ह आणि बक्षिसाचे पाकीट दिले जाते. आईवडिलांचे डोळे भरून येतात. यात काही वावगे नाही. मेहनतीचे कौतुक झालेच पाहिजे. परंतु त्याच कार्यक्रमाला मागच्या बाकावर बावन्न टक्क्यांचा एखादा मुलगाही बसलेला असतो. पुढे काय करायचे हे त्याला ठाऊक नसते आणि त्याला कोणी विचारतही नाही. समाजाच्या हाती पैसा मोजकाच असेल, तर तो या दोघांपैकी कोणासाठी खर्च व्हावा? वरवर पाहता हा हिशेबाचा प्रश्न आहे. आमच्या मते तो न्यायाचा प्रश्न आहे.

सुस्थितीतल्या घरातील मुलाला करिअर मार्गदर्शन जेवणाच्या ताटावरच मिळते. काका अभियंता असतात, मावशी बँकेत असते, आतेभाऊ नुकताच त्याच परीक्षेतून गेलेला असतो. कोणता फॉर्म कधी निघतो, कोणते कॉलेज नुसते जाहिरातीपुरते आहे, हे त्याला न विचारता कळते. ज्याचे वडील टेम्पो चालवतात आणि आई पहाटे भाजी घेऊन बाजारात जाते, त्या घरात मायेची कमतरता नसते, बुद्धीचीही नसते. कमतरता असते ती वेळेवर मिळणाऱ्या माहितीची. आणि माहिती उशिरा मिळणे म्हणजे बहुतेक वेळा ती न मिळणेच होय.

एक उदाहरण घेऊ या. आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी 'एनएमएमएस' नावाची शिष्यवृत्ती परीक्षा असते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपेक्षा जास्त नसेल, मुलगा सरकारी, नगरपालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असेल आणि त्याला सातवीत किमान ५५ टक्के गुण असतील, तर तो साधारणपणे या परीक्षेला बसू शकतो. गुणवत्तेनुसार निवड झाली, तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. त्यासाठी शिक्षणात खंड पडू न देणे आणि ठरलेले गुण राखणे आवश्यक असते. पण आठवीचे वर्ष पुन्हा येत नाही. दहावीच्या सत्काराच्या दिवशी ही माहिती देऊन काय उपयोग?

दुसरे उदाहरण मुलींचे. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ केले आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींसाठी ही सवलत आहे. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. घाईघाईने कर्ज काढून व्यवस्थापनाच्या कोट्यातील जागा घेणाऱ्या पित्याला ही अट कोणी सांगितलेली नसते. दोन मुले आहेत आणि पैसा एकापुरताच आहे, तेव्हा मुलाला इंजिनिअरिंगला घालावे आणि मुलीने जवळच्या कॉलेजात काहीतरी करावे, असा निर्णय आजही काही घरांत होतो. त्यामागे नेहमी पक्षपात असतो असे नाही. कित्येकदा फक्त अज्ञान असते. हे अज्ञान दूर करायला लाख रुपये लागत नाहीत, एक जाणकार माणूस लागतो.

समजा, एखाद्या धर्मग्रामातील मंडळाकडे वर्षाला दहा हजार रुपये आहेत. खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात एका मुलाची एका वर्षाची फीदेखील त्यातून भरता येणार नाही. पण उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, तहसील कार्यालयात जाण्यायेण्याचे भाडे, झेरॉक्स, फॉर्मची फी अशा किरकोळ खर्चांपाशी अडलेली कित्येक मुले तेवढ्याच पैशांत पुढे सरकतील. थोडा पैसा मोठ्या कामात विरून जातो. तोच जिथे गाडी अडली आहे तिथे लावला, तर गाडी हलते.

करिअर मार्गदर्शनाचा इतिहास पाहिला, तर त्याचा उगम श्रीमंतांच्या दिवाणखान्यात झालेला नाही. अमेरिकेतील बॉस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली पहिले मार्गदर्शन केंद्र सुरू केले, ते परदेशांतून आलेल्या गरीब कुटुंबांच्या वस्तीतील एका सेवाकेंद्रात. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले आणि त्यांचे पुस्तक १९०९ साली प्रसिद्ध झाले. त्यांची पद्धत साधी होती. आधी स्वतःला ओळखा, मग कामाचे जग ओळखा आणि मग दोहोंचा मेळ विचारपूर्वक घाला. यातील एकाही गोष्टीला चकाचक ऑफिस लागत नाही. आज मात्र हेच मार्गदर्शन हजारो रुपये घेऊन विकले जाते आणि ज्यांच्यासाठी ते सुरू झाले, तेच दाराबाहेर राहतात.

तथापि, इथे एक धोका आहे आणि तो मदत करणाऱ्याच्या मनात असतो. 'तुझ्या परिस्थितीला आयटीआयच बरा,' असे आपण चटकन बोलून जातो. आयटीआय हा कमी दर्जाचा मार्ग मुळीच नाही. उत्तम वेल्डर किंवा इलेक्ट्रिशियनला काम शोधत फिरावे लागत नाही. पण तो मार्ग मुलाने निवडलेला असावा, आपण त्याच्या खिशाकडे पाहून त्याच्यावर लादलेला नसावा. आपले बजेट मर्यादित आहे, म्हणून त्याचे स्वप्नही मर्यादित करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

याउलट, 'मनात आणलेस तर काहीही होशील' असे सांगून त्याला वाऱ्यावर सोडणे हीदेखील दयाळू दिसणारी फसवणूकच आहे. खर्च किती, वर्षे किती, कर्ज घेतले तर हप्ता कोण फेडणार, हे त्याला स्पष्ट सांगितले पाहिजे. आणि त्याबरोबर पायऱ्यापायऱ्यांचा रस्ताही दाखवला पाहिजे. दोन वर्षांचा आयटीआय केल्यावर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेशासाठी अर्ज करता येतो. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केल्यावर इंजिनिअरिंग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार कारखान्यात शिकता शिकता विद्यावेतन मिळते. म्हणजे कमवत कमवतही वर चढता येते. निर्णय मुलाचा, सत्य आणि सोबत आपली. गरजू मुलाचा मान राखणारी मदत ती हीच, असे आम्हांला वाटते.

मग प्रत्यक्षात काय करावे? आपल्या प्रत्येक गावात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतले अधिकारी आहेत, परिचारिका आहेत, स्वतःचे वर्कशॉप चालवणारे तरुण आहेत. महिन्यातून एका रविवारी मिस्सानंतर त्यांनी एक टेबल मांडून तासभर बसावे. निकालाची वाट न पाहता एप्रिल-मे महिन्यातच दाखल्यांची यादी मुलांच्या हाती द्यावी. आठवीच्या पालकांना वेगळे बोलवावे. फलकावर फॉर्मच्या तारखा लावाव्यात. कोणाचे उत्पन्न किती, हे चारचौघांत बोलू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, टेबलापाशी कोण आले एवढेच न पाहता कोण आले नाही याची चौकशी करावी. कारण ज्याला सर्वाधिक गरज आहे, तो बहुधा संकोचाने घरीच राहतो.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील ते मजूर आपल्याला आठवत असतील. दिवस कलला तरी ते बाजारात उभेच होते. ते आळशी नव्हते. त्यांना कामावर कोणी बोलावलेच नव्हते. मळ्याचा मालक संध्याकाळी पुन्हा बाहेर पडला नसता, तर ते रिकाम्या हातांनी घरी गेले असते. आपल्या गावातही अशी मुले आहेत. त्यांची नावे आपल्याला माहीत आहेत. या आठवड्यात त्यांच्यापैकी एकाच्या घरी जाऊन, पुढे काय करायचे ठरवले आहेस, एवढे विचारले तरी सुरुवात होईल.